डाइक हा शब्द मराठीत आणताना

जुलै महिन्यात पंचगंगेचे पाणी चढू लागले की कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत एक मथळा दरवर्षी दिसतो: ‘राजाराम बंधारा पाण्याखाली’. त्यानंतर जिल्ह्यातील आणखी किती बंधारे बुडाले याचा आकडा रोज वाढत जातो. अशाच एका आठवड्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने नेदरलँड्सविषयीच्या इंग्रजी उताऱ्याचे मराठी भाषांतर मला दाखवले. तिने लिहिले होते, ‘बंधाऱ्यामुळे गाव पुरापासून वाचले.’ मूळ वाक्यात ‘डाइक’ हा शब्द होता. तिच्या शब्दकोशात त्यापुढे बंधारा, बांध, खंदक, चर असे अर्थ एकापाठोपाठ एक दिलेले होते आणि तिने त्यांतला सर्वांत ओळखीचा शब्द उचलला होता. वाक्याचे व्याकरण निर्दोष होते. अर्थ मात्र कोल्हापूरच्या कोणत्याही वाचकाला उलटा वाटला असता, कारण पुरात जे सर्वांत आधी बुडते त्यानेच गाव वाचवले, असे ते वाक्य सांगत होते.

तिच्यासाठी केलेले टिपण पुढे वाढत गेले आणि त्याचा हा लेख झाला. भूगोल शिकणारे, इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणारे आणि पाठ्यसाहित्य तयार करणारे यांना तो वाचून ‘डाइक’ समोर आल्यावर काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि शेवटी कोणता मराठी शब्द लिहावा, हे ठरवता यावे, अशी अपेक्षा आहे.

‘आय’ आणि ‘वाय’

इंग्रजीत हा शब्द दोन प्रकारे लिहितात. एका लेखनात ‘डी’नंतर ‘आय’ हे अक्षर येते, तर दुसऱ्यात ‘वाय’. पुढची ‘के’ आणि ‘ई’ ही अक्षरे दोन्हींत तीच राहतात आणि उच्चारही एकच राहतो. सोयीसाठी त्यांना ‘आय’चे लेखन आणि ‘वाय’चे लेखन म्हणू.

‘आय’ लिहिले म्हणजे पाण्याचा बांध आणि ‘वाय’ लिहिले म्हणजे खडकातील भित्ती, म्हणजे भेगेत घुसून घट्ट झालेल्या शिलारसाची (वितळलेल्या खडकाची) भिंत, अशी विभागणी काही वर्गांतून सांगितली जाते. ती चुकीची आहे. लेखनातील हा फरक अर्थाचा नसून प्रदेशाचा आहे. अमेरिकी लेखक समुद्राच्या बांधालाही ‘आय’ लिहितो आणि खडकातील भित्तीलाही ‘आय’च लिहितो; ब्रिटिश लेखक बहुधा दोन्हींना ‘वाय’ लिहितो. प्रदेशाचा नियमही सर्वत्र सारखा लागू होत नाही. कॅनडाच्या पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नदीकाठच्या बांधांसाठी ‘आय’चे लेखन रूढ आहे, तर त्याच देशाच्या पूर्वेकडील नोव्हा स्कोशियात समुद्रापासून मिळवलेल्या जमिनीच्या नावात ‘वाय’ आढळतो. म्हणून लेखन पाहून लेखक कुठला असावा याचा अंदाज बांधावा, पण अर्थ ठरवू नये.

यातून दोन व्यावहारिक सूचना निघतात. इंग्रजी ग्रंथाच्या विषयसूचीत, ग्रंथालयाच्या तालिकेत किंवा संगणकावर या विषयाचा शोध घेताना दोन्ही लेखने टाकून पाहावीत. एकच टाकले तर निम्मे साहित्य नजरेआड राहण्याचा धोका असतो. दुसरी सूचना विशेषनामांविषयी आहे. इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवरील ‘ऑफाज डाइक’ हे नाव ‘वाय’नेच लिहिले जाते आणि अमेरिकी लेखकही ते बदलत नाही. देवनागरीत हा भेद उरत नाही, त्यामुळे शब्दसूची तयार करताना मूळ लेखनाची नोंद शेजारी केली नाही तर पुढच्या माणसाला मूळ शब्द शोधणे कठीण जाते.

देवनागरीत ‘डाइक’, ‘डाईक’ आणि ‘डायक’ अशी तीन रूपे मी पाहिली आहेत. अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार दीर्घ लिहिण्याच्या मराठी नियमाकडे पाहिले तर ‘डाईक’ समर्थनीय ठरते, पण इंग्रजीतील तो स्वर एका दमात उच्चारला जातो आणि त्यातील ‘इ’ लांबत नाही, म्हणून मी ‘डाइक’ पसंत करतो. यापैकी कोणतेही रूप निवडले तरी एका पुस्तकात एकच ठेवावे.

एकाच शब्दात खड्डा आणि उंचवटा

या शब्दाचा खरा गुंता लेखनाचा नसून अर्थाचा आहे, कारण ‘डाइक’ म्हणजे खणलेला चर आणि ‘डाइक’ म्हणजेच घातलेला बांध. परस्परविरुद्ध वाटणारे हे अर्थ एका शब्दात कसे आले, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यापूर्वी शेताच्या कडेने चर मारायचा असेल तर निघालेली माती दूर नेऊन टाकत नाहीत, ती चराच्या काठावरच टाकतात. चर जितका खोल जातो तितका शेजारचा बांध उंच होतो. काम एकच असते आणि त्यातून खड्डा व उंचवटा ही दोन्ही रूपे तयार होतात. जुन्या इंग्रजीत या कामातून जे उभे राहील त्याला ‘डीक’च्या जवळ जाणारा एक शब्द होता. इंग्लंडच्या दक्षिणेकडे त्याचा शेवटचा व्यंजनध्वनी ‘च’कडे झुकला आणि ‘डिच’ हा शब्द तयार झाला. उत्तरेकडे ‘क’ टिकला आणि ‘डाइक’ झाला. म्हणजे आज चरासाठी वापरला जाणारा ‘डिच’ आणि बांधासाठी वापरला जाणारा ‘डाइक’ हे एकाच घरातले शब्द आहेत. जर्मन भाषेत तर याच कुळातील ‘डाइख’ म्हणजे बांध आणि ‘टाइख’ म्हणजे तळे.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. कोल्हापूरचा माणूस पंचगंगेच्या घाटावर जातो तेव्हा तो दगडी पायऱ्यांवर उभा असतो आणि गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने कोकणात उतरतो तेव्हा तो डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यावर असतो. शब्द एकच, वस्तू दोन, आणि तरीही कोणी गोंधळत नाही, कारण संदर्भ आपल्या अंगवळणी पडलेला आहे. हाच ‘घाट’ इंग्रजीत गेला तेव्हा त्याचीही दोन लेखने झाली, एक ‘यू’ घालून आणि एक ‘यू’शिवाय. कॅरिबियन समुद्रातील मॉन्टसेरात बेटावर ‘यू’ घातलेले तेच लेखन डोंगरउतारावरील घळीसाठी वापरतात आणि उच्चार ‘गट’ असा करतात. ‘डाइक’च्या बाबतीत आपल्याकडे तो अंगवळणी पडलेला संदर्भ नसतो आणि तो भाषांतरकाराने प्रयत्नपूर्वक मिळवावा लागतो.

ब्रिटनमध्ये प्रदेशागणिक काय होते ते पाहावे. पूर्व इंग्लंडमधील नॉरफकच्या पाणथळ भागात ‘डाइक’ म्हणजे पाण्याचा चर. लिंकनशर आणि केंब्रिजशर भागातील ‘कार डाइक’ हा रोमन काळातला लांबलचक खणलेला चर आहे. याउलट ‘ऑफाज डाइक’ हा आठव्या शतकातील मातीचा बांध असून त्याच्या वेल्सकडील बाजूला चर आहे. मर्सियाचा राजा ऑफा, ज्याने ७५७ ते ७९६ या काळात राज्य केले, त्याच्या नावाने तो ओळखला जातो. स्कॉटलंडमध्ये गेले की अर्थ पुन्हा बदलतो. तिथे ‘डाइक’ म्हणजे शेतांमधली दगडांची भिंत, विशेषतः चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड रचून केलेली. कोकणातला माणूस तिला पाहताच ‘गडगा’ म्हणेल, आणि माझ्या मते हेच तिचे सर्वांत नेमके भाषांतर आहे. ‘कोरडी दगडी भिंत’ असे शब्दशः लिहिलेले मी वाचले आहे. त्यातून भिंत ओली नाही एवढाच बोध होतो.

तीन प्रश्न

मजकुरात ‘डाइक’ आला की शब्दकोश उघडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न: ही वस्तू माणसाने केलेली आहे की निसर्गाने? निसर्गाने केली असेल तर ती बहुधा खडकातील भित्ती आहे आणि तिच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे. दुसरा प्रश्न: ती जमिनीच्या पातळीपेक्षा खोल आहे की उंच? उताऱ्यात डाइकमध्ये पाणी साचते, डाइकमध्ये गवत वाढते, डाइक साफ करतात, डाइक ओलांडायला छोटा पूल आहे असे उल्लेख असतील तर तो चर आहे. डाइकवरून माणसे चालतात, डाइकवर रस्ता आहे, डाइक फुटला, डाइकची उंची वाढवली, असे असेल तर तो बांध किंवा भिंत आहे. इंग्रजीतील शब्दयोगी अव्ययांकडे लक्ष दिले तर हा प्रश्न बहुतेक वेळा एका वाक्यातच सुटतो.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि माझ्या विद्यार्थिनीची चूक त्याच ठिकाणी झाली होती: पाणी कोणत्या बाजूला आहे आणि बांध प्रवाहाला आडवा आहे की समांतर?

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा नदीच्या पात्रात आडवा असतो. दगडी किंवा काँक्रीटचे खांब ठरावीक अंतरावर उभे असतात, त्यांच्या खाचांत पावसाळा संपल्यावर बरगे बसवतात आणि पाणी अडवतात. पुढच्या पावसाळ्यापूर्वी बरगे काढून टाकतात, म्हणजे पुराचे पाणी आणि त्याबरोबर येणारा गाळ अडथळ्याविना पुढे जातो. त्याचा उद्देश उन्हाळ्यासाठी पाणी साठवणे हा आहे. पुरात तो बुडतो, आणि त्याची रचनाच त्यासाठी केलेली आहे. डाइकचा उद्देश याच्या नेमका विरुद्ध आहे. तो नदीच्या काठाने किंवा समुद्राच्या किनाऱ्याने, पाण्याला समांतर धावतो, त्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडी जमीन असते, आणि पाणी त्या जमिनीवर येऊ नये एवढेच त्याचे काम असते. बंधारा पाणी धरून ठेवतो, डाइक पाणी बाहेर ठेवतो. ज्या जिल्ह्याच्या नावाने एका बंधाऱ्याची पद्धत महाराष्ट्रभर ओळखली जाते, त्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याने तरी हा भेद सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

मग त्या डच डाइकसाठी मराठी शब्द कोणता? नदीकाठचा असेल तर ‘तटबांध’ किंवा ‘पूरसंरक्षक बांध’ लिहावा. दगड-काँक्रीटचा उभा बांधीव प्रकार असेल तर वर्तमानपत्रांत रुळलेला ‘पूरसंरक्षक भिंत’ हा प्रयोग चालतो, पण मातीच्या रुंद, उतरत्या बाजूंच्या बांधाला भिंत म्हणू नये. समुद्राच्या डाइकसाठी आपल्याकडे तयार शब्द आहे, फक्त तो घाटाखाली आहे. कोकणात उधाणाचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून खाडीकाठाने मातीचे बांध घालतात, त्यांना खारबांध म्हणतात आणि त्या कामाला खारबंदिस्ती म्हणतात. महाराष्ट्रात १९७९ साली खारभूमी विकासासाठी स्वतंत्र कायदाही झाला. या बांधात ठरावीक ठिकाणी उघाडी असते, जिच्या झडपेतून ओहोटीच्या वेळी आतले गोडे पाणी बाहेर जाते आणि भरतीच्या वेळी खारे पाणी आत येऊ शकत नाही. अगदी याच तत्त्वावर सतराव्या शतकात फ्रेंच भाषक अकेडियन वसाहतकऱ्यांनी आजच्या नोव्हा स्कोशियात, फंडीच्या उपसागराकाठी, डाइक घातले आणि त्यांत लाकडी झडपांचे मार्ग ठेवले. त्यांतील ग्रां-प्रे या भागाचा युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारशात समावेश केला. त्याविषयीचा इंग्रजी मजकूर मराठीत आणताना ‘खारबांध’ आणि ‘उघाडी’ हे शब्द वापरले तर रायगडच्या शेतकऱ्याला तो परका वाटणार नाही.

इथे एक सावधगिरी बाळगावी. नेदरलँड्समधील ‘आफस्लाउटडाइक’ या ३२ किलोमीटर लांबीच्या प्रसिद्ध बांधाच्या नावात ‘डाइक’ आहे. १९३२ साली तो पूर्ण झाला आणि त्याने झाउडरझे हा समुद्राचा भाग तोडून आयसलमेर हे गोड्या पाण्याचे सरोवर तयार केले. पण त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे, एकीकडे समुद्राचे आणि दुसरीकडे सरोवराचे, म्हणून काटेकोर अर्थाने तो धरणाच्या जवळ जातो. अशा वेळी नाव तसेच ठेवावे आणि वर्णनात ‘समुद्र अडवणारा बांध’ असे लिहावे. १९५३ साली ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीच्या दरम्यानच्या रात्री उत्तर समुद्राला आलेल्या उधाणात जे फुटले ते मात्र खरेखुरे डाइक होते. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. ‘धरणे फुटून पूर आला’ असे त्याचे भाषांतर केले तर वाचकाच्या डोळ्यांसमोर डोंगरातून खाली येणारा लोंढा उभा राहील, आणि घडले होते ते समुद्राचे पाणी आत शिरण्याचे.

अमेरिकी मजकुरात मिसिसिपीकाठच्या अशाच बांधांना ‘लेव्ही’ म्हणतात. त्यालाही ‘तटबांध’ चालतो, पण नैसर्गिक लेव्ही म्हणजे पुराच्या गाळाने नदीकाठी आपोआप साचलेला उंचवटा असेल तर तिथे ‘पूरतट’ लिहावा. महामार्गासाठी मातीचा ‘भराव’ घालतात. शिरोलीजवळ महामार्गाच्या भरावाने पुराचे पाणी अडते अशी तक्रार कोल्हापुरात नेहमी ऐकू येते. पाणी अडत असले तरी तो पाणी अडवण्यासाठी घातलेला नाही, म्हणून भरावाला डाइक म्हणू नये आणि डाइकला भराव म्हणू नये.

खडकातील भित्ती

भूविज्ञानातील अर्थ बांधाच्या अर्थापासून निघाला, पण आता तो पूर्णपणे स्वतंत्र झाला आहे. पृथ्वीच्या कवचातील उभ्या किंवा तिरप्या भेगेत शिलारस घुसतो आणि थंड होऊन घट्ट होतो. आजूबाजूचा खडक झिजून गेला की तो घट्ट खडक जमिनीतून भिंतीसारखा वर दिसू लागतो. त्याला भिंतीचे नाव मिळणे स्वाभाविक होते. मराठीत याला ‘भित्ती’ म्हणावे. मात्र सर्वसाधारण वाचकाला भित्ती म्हटल्यावर बांधीव भिंत आठवू शकते, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘अग्निज खडकाची भित्ती’ असे पूर्ण लिहावे आणि नंतर ‘भित्ती’ एवढेच चालवावे. शुद्धलेखनात एक बारकावा आहे: स्वतंत्र शब्द ‘भित्ती’ असा दीर्घ लिहायचा, पण समासात तो पहिला आला की ‘भित्तिसमूह’ असा ऱ्हस्व होतो, जसे ‘भित्तिचित्र’. लिंगही बदलते, ‘डाइक फुटला’ असे आपण पुल्लिंगी म्हणतो आणि ‘भित्ती उघडी पडली’ असे स्त्रीलिंगी. अर्धे पान ‘डाइक’ आणि अर्धे पान ‘भित्ती’ लिहिणाऱ्यांच्या वाक्यांत विशेषणे याच ठिकाणी घसरतात.

भित्तीची खरी ओळख तिच्या उंचीवरून होत नाही, ती थरांना छेदते यावरून होते. शिलारस थरांना छेदून उभा घुसला तर भित्ती आणि थरांच्या मधल्या फटीतून आडवा पसरला तर शिलापट्ट, ज्याला इंग्रजीत ‘सिल’ म्हणतात. उत्तर इंग्लंडमध्ये रोमनांची हेड्रियनची भिंत काही अंतर अशाच एका शिलापट्टाच्या कड्यावरून जाते. तिथले वर्णन भाषांतरित करताना बांधलेली भिंत कोणती आणि खडकाचा कडा कोणता, हे वाक्यावाक्याला तपासावे लागते.

दख्खनच्या वाचकाला हा भाग जवळचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून आपला काळा कातळ तयार झाला आणि आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर आहे. पन्हाळा किंवा जोतिबाच्या डोंगराकडे लांबून पाहिले तर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. ‘डेक्कन ट्रॅप’मधील ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. भित्तींची दाटी पाहायची तर कोकण किनारपट्टी किंवा नंदुरबार-धुळ्याचा परिसर पाहावा, जिथे त्या समूहाने आढळतात. लाव्ह्याचा थर वरच्या आणि खालच्या पृष्ठाकडून आत थंड होतो म्हणून त्यात उभे स्तंभ तयार होतात, जसे मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर दिसतात. भित्ती दोन्ही कडांकडून आत थंड होते म्हणून तिच्यातील स्तंभ आडवे असतात आणि लाकडाच्या ओंडक्यांची रास रचून ठेवल्यासारखी ती दिसते. इंग्रजी उताऱ्यात आडव्या स्तंभांचा उल्लेख आला तर तो डाइक कोणत्या अर्थाचा आहे, याबद्दल शंका उरत नाही.

मला या शब्दाच्या अभ्यासात सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट इथे आहे. भित्तीचा खडक भोवतालच्या खडकापेक्षा कणखर असेल तर ती भिंतीसारखी उभी राहते, पण भोवतालचा खडक जास्त कणखर असेल तर भित्तीच आधी झिजते आणि तिच्या जागी लांब, सरळ चर उरतो. स्कॉटलंडच्या ॲरन बेटाच्या किनाऱ्यावर अशा भित्तींची दाटी आहे. काही उभ्या आहेत आणि काही खाचांसारख्या झिजल्या आहेत. माणसाने माती उकरून केलेल्या डाइकमध्ये खड्डा आणि उंचवटा जसे एकत्र आहेत, तसेच ते निसर्गाच्या डाइकमध्येही आहेत. म्हणून ‘भित्ती’ म्हटले तरी वाक्यात लगेच ‘उंच’, ‘उभी ठाकलेली’ अशी विशेषणे स्वतःहून घालू नयेत. मूळ लेखकाने उंची सांगितली असेल तरच ती सांगावी. विहिरीचे आणि विंधनविहिरीचे लेखन भाषांतरित करताना तर ही काळजी फार आवश्यक ठरते, कारण भेगा पडलेली भित्ती भूजलाला वाट देते आणि अखंड भित्ती त्याला अडवते, मग ती जमिनीवर दिसत असो वा नसो.

अमेरिकेतील न्यू मेक्सिकोतील शिपरॉक हा सुळका मात्र भिंतीचा अर्थ डोळ्यांसमोर उभा करतो. भोवतालच्या मैदानापासून तो ४८० मीटरहून अधिक उंच आहे आणि त्याच्यापासून भित्ती पंखांसारख्या दूरवर गेलेल्या आहेत. नाव्हाहो भाषेतील त्याच्या नावाचा अर्थही ‘पंख असलेला खडक’ असाच आहे. अमेरिकी लेखनात तिथे ‘आय’ असेल हे आता सांगायला नको.

नावांवर विसंबू नये

विशेषनामात ‘डाइक’ असेल तर त्याचे भाषांतर न करता लिप्यंतर करावे आणि वस्तू काय आहे हे एका शब्दाने पुढे सांगावे. इंग्लंडमध्ये ‘डेव्हिल्स डाइक’ नावाची दोन ठिकाणे प्रसिद्ध आहेत. केंब्रिजशरमधले ठिकाण म्हणजे सुमारे १२ किलोमीटर लांबीचा मातीचा प्राचीन बांध. ससेक्समधले ठिकाण म्हणजे चुनखडीच्या टेकड्यांतील सुमारे १०० मीटर खोल कोरडी दरी, जी कोणी खणलेली नाही. ‘सैतानाचा बांध’ असे भाषांतर एका ठिकाणी निभावेल आणि दुसऱ्या ठिकाणी दरीला बांध ठरवील. झिंबाब्वेतील ‘ग्रेट डाइक’ सुमारे ५५० किलोमीटर लांब असून क्रोमियम आणि प्लॅटिनमसाठी ओळखला जातो, पण भूविज्ञानाच्या दृष्टीने ती भित्ती नसून थरयुक्त अंतर्वेशन, म्हणजे कवचात घुसून थराथराने घट्ट झालेला शिलारस, आहे. तिथे ‘महाभित्ती’ लिहिण्याचा मोह आवरावा.

व्यक्तिनामांचे काम सोपे आहे. शाहू स्टेडियमवर फुटबॉल पाहत वाढलेल्या विद्यार्थ्यांना व्हर्जिल व्हॅन डाइक माहीत असतो. त्याच्या आडनावाचा अर्थ ‘डाइककडचा’ असा आहे आणि चित्रकार अँथनी व्हॅन डाइक (१५९९–१६४१) याच्या आडनावाचाही तोच. डच, फ्लेमिश आणि इंग्रजी लेखनांत अक्षरे वेगवेगळी असली तरी देवनागरीत ‘डाइक’ पुरेसे आहे. ‘क्लोंडाइक’चा मात्र याच्याशी काही संबंध नाही. कॅनडातील त्या नदीचे नाव तेथील हान भाषेतील नावाचा इंग्रजी अपभ्रंश आहे.

आणखी एक अर्थ विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. विसाव्या शतकात अमेरिकी बोलीत ‘वाय’च्या लेखनाचा हाच शब्द समलिंगी स्त्रीसाठी हेटाळणीने वापरला जाऊ लागला आणि पुढे अनेक समलिंगी स्त्रियांनी तो स्वतःसाठी अभिमानाने स्वीकारला. उताऱ्यात हा शब्द माणसाला उद्देशून असेल तर कोण कोणाविषयी बोलत आहे ते आधी पाहावे. स्त्री स्वतःविषयी बोलत असेल तर तिचा सन्मान राखणारा शब्द वापरावा. दुसरे कोणी अपमान करण्यासाठी वापरत असेल तर तो अपमान आहे हे भाषांतरात दिसू द्यावे, पण निवेदनाच्या भाषेत तो येऊ देऊ नये.

एक उतारा करून पाहू

समजा, इंग्रजी उताऱ्यात एक प्रवासी सांगतो की सकाळी तो डाइकवरून चालत गेला, उजवीकडे समुद्र होता आणि डावीकडे गवताळ कुरणे. कुरणांमधले डाइक शेवाळाने भरले होते. दुपारी टेकडीवर त्याने डाइक ओलांडताना एक दगड निखळला आणि त्याने तो परत जागेवर ठेवला. संध्याकाळी किनाऱ्यावर भरती ओसरल्यावर वाळूच्या खडकाला छेदून जाणारा काळा डाइक त्याला दिसला. मूळ शब्द चारही ठिकाणी एकच आहे. पहिल्या ठिकाणी वर चालता येते आणि एका बाजूला समुद्र आहे, म्हणून खारबांध. दुसऱ्या ठिकाणी आत शेवाळ आहे, म्हणून चर. तिसऱ्या ठिकाणी दगड निखळून परत बसवता येतो, म्हणून गडगा. चौथ्या ठिकाणी तो खडकाला छेदतो, म्हणून भित्ती. भाषांतर असे होईल: ‘सकाळी मी खारबांधावरून चालत गेलो. उजवीकडे समुद्र होता, डावीकडे कुरणे होती आणि कुरणांमधले चर शेवाळाने भरलेले होते. दुपारी टेकडीवर एक गडगा ओलांडताना त्यातला दगड निखळला, तो मी परत जागेवर बसवला. संध्याकाळी ओहोटी लागल्यावर वाळूच्या खडकाला छेदून जाणारी काळी भित्ती उघडी पडलेली दिसली.’

एका शब्दाला चार मराठी शब्द वापरले म्हणजे मुळाशी प्रतारणा झाली, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. प्रवाशाने चार वस्तू पाहिल्या होत्या आणि वाचकालाही चारच दिसल्या पाहिजेत. लेखकाने मुद्दाम शब्दावर खेळ केला असेल, त्या चौघांचे नाव एकच आहे हाच त्याचा मुद्दा असेल, तेव्हा मात्र ‘डाइक’ हा मूळ शब्द एकदा देवनागरीत द्यावा आणि मग प्रत्येक वस्तू तिच्या मराठी नावाने सांगावी.

माझ्या विद्यार्थिनीने तिच्या वहीत आता या शब्दासाठी एक पूर्ण पान राखले आहे. डाव्या रकान्यात मूळ लेखन, ‘आय’ की ‘वाय’. त्यापुढे उतारा कोणत्या देशातला. त्यापुढे खोल की उंच, आणि पाणी कोणत्या बाजूला. शेवटी निवडलेला मराठी शब्द आणि त्याचे लिंग. तिचे पहिले वाक्य तिने स्वतःच दुरुस्त केले: ‘तटबांधामुळे गाव पुरापासून वाचले.’